पॉपअपची साइज कशी आवरायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉपअप म्हणा, मोडल म्हणा, डायलॉग म्हणा, पानावर वरून येऊन बसणारा जो डबा असतो त्याच्या साइजबद्दल तेच तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. क्रम काही विशेष नाही, ज्याने जास्त छळलंय त्याचं उत्तर लांबलंय. सीएसएसची (पान कसं दिसायचं ते ठरवणारी भाषा) नावं मराठी अक्षरांत लिहिलीत, कोडमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका.

पॉपअप केवढा ठेवायचा? सरळ एक आकडा सांगा ना.

बरं, घ्या. "खरंच डिलीट करायचं का?" एवढंच विचारायचं असेल तर ४०० पिक्सेलच्या आसपास, फॉर्म असेल तर ५०० ते ६००, टेबल वगैरे दाखवायचं असेल तर ८०० ते ९००. पण हे आकडे विड्थचे आहेत आणि ते जास्तीत जास्त किती ह्या अर्थाने द्यायचे, फिक्स म्हणून नाही. हाइटचा आकडा मागूच नका. हाइट आतला मजकूर ठरवतो, आपण फक्त ह्याच्या वर जायचं नाही एवढं बजावायचं. ज्यांनी हाइट: ४०० पिक्सेल ठोकून दिलीय त्यांचेच खालचे अर्धे प्रश्न आहेत.

डेस्कटॉपवर छान दिसतो, मोबाइलवर कडेने बाहेर जातो. का?

कारण विड्थ: ६०० पिक्सेल लिहिलंय आणि फोनची स्क्रीन आहे ३६० ची. ह्यासाठी मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या साइजप्रमाणे वेगळी स्टाइल) पण लागत नाही. विड्थ: मिन(१००% - २रेम, ६००पिक्सेल) अशी एकच ओळ लिहा (रेम म्हणजे पानाच्या मूळ फॉन्टएवढं माप). मिन, मॅक्स आणि क्लॅम्प हे तिन्ही २०२० पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतात आणि त्यांच्या आत बेरीज-वजाबाकी करायला वेगळं कॅल्क लिहायची गरज नसते.

दोन गोष्टी मात्र बघून घ्या. एक, बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स आहे ना, नाहीतर पॅडिंग आणि बॉर्डर विड्थच्या वर मोजली जाते आणि ६०० चा डबा ६५० चा होतो. दोन, १००% च्या जागी १००व्हीडब्ल्यू (व्हीडब्ल्यू म्हणजे खिडकीच्या रुंदीचा शंभरावा भाग) लिहू नका. व्हीडब्ल्यू मोजताना ब्राउझर साधारणपणे स्क्रोलबारची जागा वजा करत नाही, त्यामुळे जिथे जाडा स्क्रोलबार असतो तिथे १५-१७ पिक्सेल जास्त होतात आणि खाली आडवा स्क्रोल उगवतो. मॅकवर बरेचदा स्क्रोलबार तरंगता असतो, त्यामुळे मॅकवाल्या डेव्हलपरला "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय" असंच वाटत राहतं.

मजकूर जास्त झाला की खालचं सेव्ह बटण गायब होतं. काय करू?

हा ह्या पानाचा राजा. मजकूर वाढला, डबा स्क्रीनपेक्षा उंच झाला, मागचं पान तर आपणच स्क्रोल-लॉक केलंय, मग युजर बसतो शोधत. मी स्वतः एकदा असा फॉर्म लाइव्ह केलेला जो माझ्या मोठ्या मॉनिटरवर झकास होता आणि लहान लॅपटॉपवर त्याचं सबमिट बटण स्क्रीनच्या खाली होतं. दोन दिवस एकही फॉर्म आला नाही आणि आम्ही सर्व्हरचे लॉग तपासत बसलेलो.

उपाय असा की डब्याचे तीन भाग करायचे, हेडर, बॉडी, फूटर. बाहेरच्या डब्याला डिस्प्ले: फ्लेक्स, दिशा कॉलम, आणि मॅक्स-हाइट: ८५डीव्हीएच (म्हणजे आत्ता दिसणाऱ्या उंचीच्या ८५ टक्के, खाली सविस्तर आहे). हेडर-फूटर जसेच्या तसे, आणि स्क्रोल फक्त बॉडीला: ओव्हरफ्लो-वाय: ऑटो. इथपर्यंत सगळ्यांना जमतं, आणि मग "केलं तरी स्क्रोल होत नाही" असा मेसेज येतो.

बहुतेक वेळा कारण असं की बॉडी आणि बाहेरचा डबा ह्यांच्या मध्ये अजून एक डिव्ह असतो, नाहीतर फॉर्म टॅग असतो. फ्लेक्सच्या आतल्या प्रत्येक आयटमची मिन-हाइट मुळात ऑटो असते, म्हणजे आतल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला तो तयारच होत नाही. ज्याला स्वतःला ओव्हरफ्लो ऑटो दिलंय त्याच्यापुरता हा नियम सुटतो, पण मधल्या डिव्हला सुटत नाही. त्या मधल्याला मिन-हाइट: ० द्या आणि त्यालाही फ्लेक्स कॉलम करा, म्हणजे वरची मर्यादा खालपर्यंत पोचते. फॉर्म टॅग हा नेहमीचा चोर आहे, कारण सबमिट बटण फूटरमध्ये असतं म्हणून फॉर्म सगळ्याला गुंडाळून बसतो आणि तो फ्लेक्स आयटम झालाय हे कोणाच्या लक्षातच येत नाही.

बॉडीला ओव्हरस्क्रोल-बिहेव्हिअर: कंटेन पण लावा, म्हणजे आतला स्क्रोल संपला की मागचं पान घसरायला लागत नाही.

उंच पॉपअपचा वरचा भाग कापला जातो आणि वर स्क्रोलच होत नाही.

पेरेंटला फ्लेक्स आणि अलाइन-आयटम्स: सेंटर दिलंय ना? मधोमध बसवताना जास्तीची उंची वर-खाली अर्धी अर्धी वाटली जाते, आणि वर जे गेलं ते स्क्रोलच्या सुरुवातीच्याही आधी असल्यामुळे तिथे पोचताच येत नाही. अलाइन काढा आणि डब्याला मार्जिन: ऑटो द्या, जागा असेल तर मध्ये येतो, नसेल तर वरून सुरू होतो. सेफ सेंटर असंही लिहिता येतं.

ट्रान्सफॉर्म: ट्रान्सलेट(-५०%, -५०%) वाल्या जुन्या पद्धतीत पण हाच घोळ, वर अर्धा पिक्सेल इकडेतिकडे झाला की अक्षरं पुसट दिसतात ते वेगळंच.

१००व्हीएच दिलं तरी फोनवर खालचा भाग ब्राउझरच्या पट्टीखाली जातो?

फोनवर ॲड्रेस बार कधी दिसतो कधी लपतो, आणि व्हीएच (स्क्रीनच्या उंचीचा शंभरावा भाग) मोजताना तो लपलाय असं धरलेलं असतं. म्हणून पान नुकतंच उघडलेलं असताना, म्हणजे बार दिसत असताना, १००व्हीएचचा डबा खाली लपतो. ह्यासाठी तीन नवीन युनिट आली: एसव्हीएच म्हणजे बार दिसत असतानाची लहान उंची, एलव्हीएच म्हणजे बार गेल्यावरची मोठी, आणि डीव्हीएच म्हणजे आत्ता जी असेल ती. सफारी १५.४, फायरफॉक्स १०१ आणि क्रोम १०८, म्हणजे २०२२ संपेपर्यंत तिन्हीकडे आली. पॉपअपला मी डीव्हीएच देतो, कारण तो उघडा असताना मागचं पान सहसा हलत नाही. पानाच्या मुख्य भागाला मात्र डीव्हीएच देताना विचार करा, स्क्रोल करताना सगळं आकुंचन-प्रसरण पावतं आणि वाचणाऱ्याचं डोकं उठतं.

फुलस्क्रीन पॉपअप असेल आणि मेटा व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये कव्हर (पान स्क्रीनच्या कडेपर्यंत पसरवणं) लावलं असेल तर फूटरच्या पॅडिंगमध्ये सेफ-एरिया-इनसेट-बॉटम मिळवा, नाहीतर बटण खालच्या आडव्या पट्टीवर जाऊन बसतं.

आणि कीबोर्ड उघडला की?

डीव्हीएचला कीबोर्ड दिसत नाही! खूप जणांचा इथेच गैरसमज होतो. आयफोनच्या सफारीत कीबोर्ड पानाच्या वर येऊन बसतो, लेआउटची उंची तेवढीच राहते, आणि क्रोमनेही १०८ पासून अँड्रॉइडवर हेच धोरण घेतलं. मेटा व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये इंटरॲक्टिव्ह-विजेट=रिसाइझेस-कंटेंट लिहिलं तर क्रोममध्ये आणि नव्या फायरफॉक्समध्ये लेआउट कीबोर्डप्रमाणे लहान होतो. सफारी ह्याला जुमानेल असं धरू नका, तिच्यासाठी विंडो.व्हिज्युअलव्ह्यूपोर्ट ह्याची हाइट घ्यायची, त्याच्या रिसाइझ इव्हेंटवर एका सीएसएस व्हेरिएबलमध्ये टाकायची आणि मॅक्स-हाइट त्यावरून काढायची. आठ-दहा ओळींचं काम आहे.

त्याच नादात इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान नाही ना ते बघा. लहान असला की आयफोन फोकस होताच पान झूम करतो आणि मग पॉपअपची साइज बिघडली असं वाटतं, पण साइज बिचारी बरोबर असते.

एचटीएमएलचा डायलॉग टॅग वापरतोय, विड्थ १००% दिली तरी कडेला जागा राहतेच.

ब्राउझरने स्वतःच त्याला मर्यादा घातलीय. शोमोडल ह्या जावास्क्रिप्ट फंक्शनने उघडलेल्या डायलॉगची मॅक्स-विड्थ आणि मॅक्स-हाइट दोन्ही कॅल्क(१००% - ६पिक्सेल - २ईएम) असतात. हे ६ पिक्सेल म्हणजे दोन्हीकडची ३-३ पिक्सेलची बॉर्डर आणि २ईएम म्हणजे दोन्हीकडचं १-१ईएम पॅडिंग. आपण रीसेट करताना बॉर्डर-पॅडिंग उडवतो पण ही मर्यादा तशीच राहते, म्हणून १६ च्या फॉन्टला एकूण ३८ पिक्सेल रिकामे दिसतात. मॅक्स-विड्थ आणि मॅक्स-हाइट आपल्या हाताने परत लिहा, झालं.

बाकी नवीन कामाला डायलॉग टॅगच वापरा असं माझं मत. क्रोममध्ये तो २०१४ पासून आहे, फायरफॉक्स आणि सफारीत मार्च २०२२ ला आला. एस्केपने बंद होणं, फोकस मागच्या पानात न जाणं, सगळ्यांच्या वरच्या थरात दिसणं हे फुकट मिळतं, झेड-इंडेक्स ९९९९९ लिहायची वेळ येत नाही.

डायलॉगला डिस्प्ले: फ्लेक्स दिलं आणि आता तो बंदच होत नाही!

बंद असताना ब्राउझर त्याला डिस्प्ले: नन देतो, तुमच्या फ्लेक्सने ते खोडलं. फ्लेक्स फक्त डायलॉग[ओपन] ला द्या.

पॉपओव्हर ॲट्रिब्यूटला पण अशीच मर्यादा असते का?

नाही, आणि तिथेच फसायला होतं. मोडलसारखी मॅक्स-हाइट पॉपओव्हरला (ह्या ॲट्रिब्यूटने वरच्या थरात उघडणारा डबा) नसते, त्यामुळे लांब यादी टाकली की तो सरळ स्क्रीनच्या बाहेर जातो. ओव्हरफ्लो ऑटो असतं त्याला, पण मर्यादाच नाही तर स्क्रोल कशाला येईल. मॅक्स-हाइट स्वतः द्या. पॉपओव्हर क्रोम ११४, सफारी १७ आणि फायरफॉक्स १२५ पासून चालतो.

पोझिशन: फिक्स्ड आहे, तरी पॉपअप एका कार्डच्या आतच अडकतो.

वरच्या कुठल्यातरी पेरेंटला ट्रान्सफॉर्म, फिल्टर, पर्स्पेक्टिव्ह किंवा कंटेन लावलेलं असणार. अशा पेरेंटच्या आत फिक्स्ड म्हणजे स्क्रीनला फिक्स्ड नाही, त्या पेरेंटला फिक्स्ड. मग १००% विड्थ म्हणजे कार्डची विड्थ आणि तुम्ही बसता गणित तपासत. बरेचदा हे होव्हरच्या ॲनिमेशनमुळे होतं, म्हणजे माउस कार्डवर असताना पॉपअप लहान आणि बाहेर काढला की मोठा, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला भुताटकीच वाटलेली. पॉपअपचा एचटीएमएल बॉडीच्या शेवटी हलवा, रिॲक्टमध्ये असाल तर पोर्टल (एचटीएमएल दुसऱ्या जागी टाकायची सोय) वापरा, किंवा मोडल डायलॉग नाहीतर पॉपओव्हर वापरा. हे दोन वरच्या थरात जातात म्हणून पेरेंटची भानगड त्यांना लागू होत नाही.

बूटस्ट्रॅपमध्ये मोडल-एलजी लावलं तरी मोठा होत नाही.

बूटस्ट्रॅप ही तयार सीएसएसची लायब्ररी, तिचा हा क्लास चुकीच्या डिव्हवर असेल. तो मोडल-डायलॉगवर लावायचा, बाहेरच्या मोडलवर नाही. बूटस्ट्रॅप ५ मध्ये लहान ३००, साधा ५००, एलजी ८००, एक्सएल ११४० पिक्सेल असं आहे, पण एलजी ९९२ च्या वरच्या स्क्रीनवर आणि एक्सएल पूर्ण साइजने १२०० च्या वर लागतो, त्यामुळे ब्राउझरची खिडकी अर्धी करून टेस्ट करत असाल तर फरक दिसणारच नाही. लांब मजकुराला मोडल-डायलॉग-स्क्रोलेबल आहे, फोनवर पूर्ण स्क्रीन हवी तर मोडल-फुलस्क्रीन-एसएम-डाऊन आहे.

मटेरियल यूआयमध्ये मॅक्सविड्थ एलजी दिलंय, डबा तेवढाच.

मटेरियल यूआय म्हणजे रिॲक्टसाठीच्या तयार भागांची लायब्ररी. तिथे मॅक्सविड्थ म्हणजे मर्यादा, ती भरायला आतला मजकूर तेवढा रुंद हवा. फुलविड्थ प्रॉप पण द्या. न दिलेलं असेल तर मॅक्सविड्थ एसएम धरतात म्हणजे ६०० पिक्सेल, एमडी ९००, एलजी १२००. आणि साइजच्या स्टाइल बाहेरच्या डायलॉगवर लावून उपयोग नाही, आतल्या पेपरवर लावा.

जेक्वेरी यूआय अजून वापरणारे पण विचारतात म्हणून सांगतो, तिथे डायलॉगची विड्थ न सांगता ३०० पिक्सेल असते आणि ती आकड्यातच द्यावी लागते, तेव्हा उघडताना स्क्रीनची विड्थ आणि तुमचा आकडा ह्यातला लहान तो द्या.

पॉपअप उघडला की मागचं पान उजवीकडे सरकतं.

बॉडीला ओव्हरफ्लो: हिडन दिलं, स्क्रोलबार गेला, पान तेवढं रुंद झालं. एचटीएमएल एलिमेंटला स्क्रोलबार-गटर: स्टेबल द्या. सफारीत हे १८.२ ला आलं, जुन्यांसाठी स्क्रोलबारएवढं पॅडिंग जावास्क्रिप्टने द्यायची जुनी युक्ती आहेच.

ड्रॉपडाऊनची विड्थ बटणाएवढी कशी ठेवू?

मिन-विड्थ बटणाएवढी ठेवा, विड्थ नाही, कारण आतली नावं बटणापेक्षा लांब असू शकतात. नव्या सीएसएसमध्ये अँकर पोझिशनिंग आहे, त्यात अँकर-साइज(विड्थ) लिहिलं की झालं, क्रोममध्ये १२५ पासून, म्हणजे २०२४ पासून आहे. सगळीकडे चालायला हवं असेल तर फ्लोटिंग यूआय लायब्ररीतलं साइज मिडलवेअर वापरा, ते खाली किती जागा उरलीय ते पण सांगतं, त्यावरून मॅक्स-हाइट देता येते. यादी दहा आयटमची असो की दोनशेची, शेवटचा दिसणारा आयटम अर्धा कापलेला राहील अशी हाइट ठेवली तर खाली अजून आहे हे युजरला न सांगता कळतं.

युजरला स्वतः ओढून मोठा करता येईल का?

येईल, रिसाइझ: बोथ द्या आणि ओव्हरफ्लो ऑटो ठेवा, ओव्हरफ्लो व्हिजिबल असेल तर हँडल येतच नाही. मिन-मॅक्स दोन्ही बाजूंनी बांधून ठेवा नाहीतर कोणीतरी डबा टिचभर करून ठेवतं आणि मग तक्रार आपल्याकडे. मधोमध बसवलेल्या डब्यात अजून एक गंमत होते, तुम्ही कोपरा १०० पिक्सेल ओढला तर डबा दोन्हीकडे ५०-५० वाढतो आणि हँडल कर्सरपासून लांब पळतं. ओढायला लागण्याआधी त्याची टॉप आणि लेफ्ट पिक्सेलमध्ये गोठवायची आणि सेंटरिंग काढायचं. आयफोनवर हे हँडल मिळत नाही. खरं सांगायचं तर आधी ह्याची गरज आहे का ते विचारा, कारण युजर पॉपअप ओढून मोठा करायला बघतोय म्हणजे बहुतेक त्यातलं काम पॉपअपमध्ये मावणारं नाहीये, त्याला वेगळं पान हवंय.

आत आयफ्रेम आहे, त्याची हाइट मजकुराप्रमाणे होत नाही.

होणार नाही आपोआप. काहीच दिलं नाही तर आयफ्रेम ३०० बाय १५० असतो. आतलं पान तुमचं असेल तर तिथे रिसाइझऑब्झर्व्हर लावून हाइट पोस्टमेसेजने बाहेर पाठवा, आणि मेसेज कुठल्या ओरिजिनकडून आला ते तपासल्याशिवाय तो आकडा वापरू नका. दुसऱ्याचं पान असेल तर मॅक्स-हाइट देऊन आत स्क्रोल होऊ द्या, दुसरा मार्ग नाही.

डेटा आला की पॉपअप उडी मारतो.

लोडिंगच्या वेळी डबा एवढासा, डेटा आला की एकदम मोठा, त्यात युजरचं बोट कॅन्सलवर जात असतं आणि तिथे दुसरंच बटण येतं. बॉडीला साधारण अपेक्षित मिन-हाइट द्या, आणि डबा मध्ये न ठेवता वरून ठराविक अंतरावर ठेवा म्हणजे वाढला तरी खालीच वाढतो, हेडर हलत नाही. टॅबवाला पॉपअप असेल तर सगळे टॅब ग्रिडच्या एकाच सेलमध्ये ठेवून न दिसणाऱ्यांना व्हिजिबिलिटी: हिडन द्या, सगळ्यात उंच टॅबएवढी हाइट आपसूक राहते.

कंटेनर क्वेरी लावली आणि पॉपअपची विड्थ शून्य झाली?

कंटेनर क्वेरीसाठी (डब्याच्या विड्थप्रमाणे आतली स्टाइल बदलणं) कंटेनर-टाइप: इनलाइन-साइज दिलं की तो डबा विड्थ ठरवताना आतल्या मजकुराकडे बघतच नाही, आणि डायलॉगची विड्थ तर मजकुरावरच असते. आधी स्पष्ट विड्थ द्या.

वेगळी विंडो उघडायची असेल तर साइज पाळली जाते का?

विंडो.ओपनला विड्थ-हाइट देता येते, १०० पिक्सेलपेक्षा लहान मिळत नाही, आणि फोनवर तो सरळ नवीन टॅब होतो. नंतर रिसाइझटू फक्त स्क्रिप्टने उघडलेल्या, एकच टॅब असलेल्या विंडोवर चालतं. क्लिकशिवाय उघडायला गेलात तर ब्लॉकर अडवतो. पैसे भरणं किंवा लॉगिन असलं काही सोडून ह्याच्या वाटेला जाऊ नका.

टेस्ट कुठे कुठे करायचं?

फोन आडवा धरून, हे पहिलं. ३६० ची उंची, त्यात कीबोर्ड, तिथे जो टिकला तो सगळीकडे टिकतो. एवढ्या कमी उंचीवर चिकटलेले हेडर-फूटरच सगळी जागा खातात, म्हणून तिथे मीडिया क्वेरीने सगळा डबाच स्क्रोल होऊ द्या.

मग १२८० च्या खिडकीत ४००% झूम. डब्ल्यूसीएजीच्या (वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणूनची नियमावली) १.४.१० नियमात ३२० सीएसएस पिक्सेल रुंदीत आडव्या स्क्रोलशिवाय मजकूर वाचता आला पाहिजे असं आहे, आणि १२८० भागिले ४ म्हणजे ३२०च. बंद करायचं फुलीचं बटण तेव्हाही हाताला लागलं पाहिजे, किमान २४ बाय २४ तरी ठेवा, ४४ असेल तर उत्तम.

मराठी केलं की शीर्षकाचे काने-मात्रे कापले जातात.

इंग्रजीच्या हिशोबाने लाइन-हाइट १.१ आणि वर ओव्हरफ्लो: हिडन असणार. आपल्या अक्षरांना वर मात्रा-रफार आणि खाली उकार-ऋकार, १.५ च्या आसपास ठेवा. हेडरला फिक्स हाइट दिली असेल तर ती काढून पॅडिंग द्या. आणि बटणांची ओळ फ्लेक्स-रॅप करा, "ओके"च्या जागी "बदल जतन करा" आलं की दोन बटणं एका ओळीत मावतीलच असं नाही.